चुलीवरचे बियाणे

नव्वदच्या दशकात कॅनडा आणि मेक्सिकोतील दोन विद्यापीठांनी मिळून बिनधुराची चूल तयार केली होती. हरसूलजवळच्या पाड्यावर एका घरी ती बसवताना मी तिकडून आलेल्या पाहुण्यांचा दुभाषी होतो. घरची बाई चुलीवर टांगलेल्या नागलीच्या कणसांकडे हनुवटी उचलून म्हणाली, "साहेब, धूर गेला तं बियाला कीड लागंल. सांगा त्यांला."

पाहुणे खुशीत होते. "ती आभार मानते आहे," असे मी सांगितले.

पुढच्या पेरणीआधी ती हरसूलच्या बाजारात बियाणे विकत घेताना दिसली. "घरचं समदं किडलं," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं व्हतं ना त्यांला?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मंग त्यांला समजलं नसंल," असे म्हणून तिने ओच्यातले दाणे तळहाताने सारखे केले.

रागावलीही नाही.