डाव्या हातानं टाकलेल्या अक्षता

मंगळवार पेठेत घरोघरी भाकऱ्या पुरवून रत्नव्वानं एकटीनं पोराला वाढवलं. २००३ साली त्याच्या लग्नासाठी तिनं स्वतःच्या नावावर हॉल भाड्यानं घेतला. अक्षतांच्या तोंडावर तिथल्या जिन्याचा कठडाच निखळला, ती पडली आणि उजवं मनगट मोडलं. हात पदराखाली झाकून ती तशीच मांडवात उभी राहिली. दवाखान्यात मात्र ‘घरी न्हाणीत पडले’ असं लिहून दिलं.

तो हात पुन्हा भाकरी थापण्याजोगा झालाच नाही. दीड वर्षानं सून विद्याश्रीनं तिला वकिलाकडं ओढत नेलं.

“दोन वर्षांच्या आत ग्राहक मंचात हॉलमालकाविरुद्ध तक्रार करता येते,” वकील म्हणाले. “पण दवाखान्याचा कागद उलटंच सांगतोय. खोटं का बोललात?”

रत्नव्वा उसळली. “मग काय करू? सून पांढऱ्या पायाची म्हणून लोकांनी तिला फाडून खाल्लं असतं की!”

विद्याश्रीनं मान वर केली.

“साक्षीदार म्हणून माझं नाव लिवा, सायेब. कठडा निखळताना मी स्टेजवरनं बघितलंय. त्याच भीतीनं मीबी गप बसले. ह्या माझ्या आत्तींनी, सासूबाईंनी, माझ्यावर अक्षता डाव्या हातानं टाकल्या हुत्या.”