म्हसोबाची सुटलेली साल

तिकोणा गडाच्या उतारावर रेड्याएवढे काळे गोटे पडलेत. उन्हात तापायचं, पावसात भिजायचं. फटींत पाणी मुरून दगडाचा पिवळा मुरूम व्हायचा आणि पुढचा पावसाळा तो वाहून न्यायचा. कोपरे आधी झिजतात म्हणून गोटे गोल, अन् अंगावरून कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. हे पायथ्याच्या पेठेत सगळ्यांना ठाऊक. पण त्यातल्याच एकाला शेंदूर फासून म्हसोबा केलं, की त्याचे पापुद्रे सुटणं डोक्यात शिरत नाही.

या म्हसोबाला तेल-शेंदूर करायचा मान वाडीतल्या भागूबाईचा. नवरा गेल्यावर तिच्यापाशी तेवढंच उरलं होतं.

चौतीस सालच्या चैत्रात, जत्रा तोंडावर आलेली, तेल चोळता चोळता देवाच्या कपाळाची ताटलीएवढी साल सुटून तिच्या मांडीत पडली. भागूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. मागल्या मंगळवारी नणंदेशी भांडण्याच्या नादात दिवा राहिला होता. (भांडण कोंबडीवरून, अन् कोंबडी नणंदेचीच होती, आता सांगायला हरकत नाही.) देव कोपला! गावाला कळलं तर मान गेलाच. दुपारी माणसं रानात गेलेली बघून तिनं शेंदूर घट्ट कालवला आणि साल परत डकवली.

जत्रेला महिपती पाटलांनी नारळ फोडला, ऐटीत देवाच्या कपाळाला हात लावला, आणि साल हातात! वाजंत्री थांबली.

"पाटील, काय केलंत वो ह्ये?" कोणीतरी ओरडलं.

"म्या? म्या निस्ता हात लावला!" पाटलांच्या मिशा खाली आल्या.

भागूबाई गप्प राहती तर सुटली असती. पण पाटलांचं रडवेलं तोंड तिला बघवेना.

"त्येंचा दोष न्हाई. आदी माज्या मांडीत पडली. म्याच डकवली."

सगळे तिच्याकडे वळले. तेवढ्यात गावातली सगळ्यांत थोरली धोंडाबाई खो खो हसली. "अगं येडे, साप कात टाकतो तशी देवानं खोळ टाकली! माज्या सासूच्या वक्ताला बी टाकलीवती. खोळ कुनी डकवतं व्हय? वाजवत नदीला न्ह्यायची!"

"मंग! म्या त्येच म्हनत हुतो," पाटील म्हणाले, आणि खोळ डोक्यावर घ्यायला वाकले.

"तुमी सरा, पाटील," धोंडाबाईनं अडवलं. "जिच्या मांडीत पडली तिच्या डोईवर."

खोळ डोक्यावर धरून भागूबाई पवना नदीकडे निघाली. उन्हानं शेंदूर पातळ होऊन तिच्या मोकळ्या कपाळावर ओघळला. पुसायला हात रिकामा नव्हता. बायका बघत होत्या, पण पूस म्हणून एकीनंही सांगितलं नाही.