काठाचं माप

ट्रॅकवर सगळे त्यांना ब्रेकमास्तर म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी हौशी माणसं आपापल्या स्पोर्ट्स कार घेऊन तिथं यायची आणि रस्त्यावर जो वेग काढता येत नाही तो तिथं काढून घ्यायची. गाडी किती पळते याच्याशी मास्तरांना काडीचं देणंघेणं नव्हतं. ती थांबते का, एवढंच ते बघायचे. "पळायला काय, उतारावर दगडसुद्धा पळतो," असं म्हणायचे आणि चाकापाशी उकिडवे बसायचे.

चाकाच्या आत लोखंडाची ताटाएवढी डिस्क असते. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंचे पॅड तिला चिमटीत धरतात. रोजच्या रस्त्यावर ही चिमटी लाडाची असते. ट्रॅकवर दर वळणाला डिस्क तापून लाल होते आणि अंघोळीच्या साबणासारखी झिजत जाते. झिजून पातळ झालेली डिस्क आणखी लवकर तापते, तडकते, आणि मग पाय पार तळाला टेकला तरी गाडी आपली पुढंच. म्हणून कमीत कमी जाडी किती हवी, ते डिस्कवरच कोरलेलं असतं. मास्तर मोजायचे, पटलं तर सहीची हिरवी चिठ्ठी द्यायचे. चिठ्ठी नाही तर गाडी आत नाही, मग ती खुद्द ट्रॅकच्या मालकाची का असेना. बावीस वर्षांत त्यांचं माप कुणी खोटं पाडलं नव्हतं, आणि या गोष्टीचा त्यांना जरा जास्तच ताठा होता.

हा ताठा सगळ्यात जास्त कुणाला खुपत असेल तर त्यांच्या मेहुण्याला. बायकोचा धाकटा भाऊ. गोल, बोलका, सदा घाईत. मास्तरांनी त्याची प्रत्येक वस्तू कधी ना कधी नापास केली होती. सायकल झाली, स्कूटर झाली, लग्नातले बूटही झाले. यंदा पठ्ठ्यानं दहा वर्षं वापरलेली लाल स्पोर्ट्स कार घेतली आणि गेल्या रविवारी थेट बहिणीच्या दारात आणून उभी केली.

"दाजी, आता काढा खोट!"

जेवण अंगावर आलेलं होतं, डोळे मिटत होते. जाडी मोजायचा खरा मायक्रोमीटर ट्रॅकवरच्या कपाटात कुलूपबंद. घरी होता तो साधा व्हर्निअर. मास्तरांनी चाक काढलं, व्हर्निअरचे जबडे डिस्कच्या कडेला लावले. सत्तावीस पॉइंट आठ मिलिमीटर. डिस्कवर कोरलेलं, कमीत कमी सव्वीस. चिठ्ठी फाडून दिली आणि आत जाऊन आडवे झाले. मेहुणा त्या चिठ्ठीचा फोटो आठवडाभर सगळ्या नातेवाइकांना दाखवत फिरला.

आज सकाळी तो रांगेत तिसरा होता. हेल्मेट चढवलेलं, काच खाली, तोंड चालू. घरची चिठ्ठी आठ दिवस चालते असा मास्तरांचाच नियम. त्यामुळं त्याची गाडी पुन्हा मोजायचं कारण नव्हतं. मास्तर शेजारून चालले होते. ऊन तिरपं होतं, ते चाकाच्या आऱ्यांमधून डिस्कवर पडलं, आणि कडेच्या आतल्या बाजूला बारीक सावलीची एक गोल रेघ दिसली.

मास्तर थबकले. खाली बसले. डिस्क थंड होती. त्यांनी अंगठ्याचं नख काठावरून आत सरकवलं. नख पायरी उतरावी तसं टपकन खाली गेलं.

पॅड डिस्कचा मधला पट्टा खातात, अगदी कडेला पोहोचत नाहीत. तिथं न झिजलेला काठ उभा राहतो. व्हर्निअरचे लांब जबडे त्या काठांवर जाऊन बसतात आणि काठाची जाडी सांगतात. मधली डिस्क उपाशी राहिली तरी काठ आपला गुबगुबीत! दहा वर्षांच्या गाडीला जवळजवळ नव्या डिस्कचं माप आलं, तेव्हाच शंका यायला हवी होती. ही चूक मास्तर शिकाऊ लोकांना पहिल्याच दिवशी सांगायचे.

त्यांनी कपाटातून मायक्रोमीटर आणला. टोकदार तोंडाचा, मधोमध लागणारा. आऱ्यांमधून आत घालून लावला. पंचवीस पॉइंट सहा.

आता काय करावं? गाडी थांबवायची हे तर ठरलंच. पण कारण? मेहुण्यासमोर, रांगेसमोर, वर गॅलरीत बसलेल्या बायकोसमोर?

"टायरमध्ये हवा कमी वाटते," मास्तर पुटपुटले.

"आत्ताच भरली. तुमच्याच माणसाकडून."

"मग... नट जरा ढिले..."

"दाजी, चिठ्ठी आहे माझ्याकडं. तुमच्या सहीची!"

मास्तरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. आणखी एक खोटं जिभेवर आलं होतं, ते गिळलं.

"सही माझी आहे रे. माप चुकलं."

"कुणाचं?"

"माझं. काठ मोजला मी. डिस्क संपलीय."

मेहुण्यानं हेल्मेट काढलं. "परत एकदा म्हणा."

"काय म्हणा? चुकलं म्हटलं ना! बहिरा आहेस का?"

गाडी तिथंच सोडून मेहुणा पळाला. आयुष्यात तो इतका जोरात पळाला नसेल. घोषणा करणाऱ्या बाईंच्या हातातून त्यानं माइक घेतला आणि सगळ्या ट्रॅकवर आवाज घुमला: "लोकहो, ब्रेकमास्तर चुकले! स्वतः कबूल झाले! मी त्यांचा सख्खा मेहुणा, साक्षीदार!"

गॅलरीत मास्तरांची बायको पोट धरून हसत होती. "अहो, ऐकताय ना?" ती वरून ओरडली. "तीस वर्षं वाट बघतेय मी या दिवसाची!"

मास्तर कानापर्यंत लाल झाले. पण हसणं ओसरायच्या आत एक दंतवैद्य बाई निळी गाडी रांगेतून काढून त्यांच्याजवळ आल्या. "मास्तर, माझी चिठ्ठीसुद्धा तुमच्या घरचीच आहे." मागून आणखी एक गृहस्थ आले. त्यांचीही घरचीच.

मास्तरांनी दोन्ही गाड्यांची चाकं उतरवली. गृहस्थांची डिस्क ठणठणीत निघाली. बाईंची पंचवीस पॉइंट नऊ, आणि तिच्यावरही सव्वीसच कोरलेलं. मेहुण्यानं तो आकडा वाचला आणि माइक जागेवर नेऊन ठेवला.

"मी आज शेवटच्या वळणावर पूर्ण वेग ठेवणार होते," बाई हळूच म्हणाल्या. मग मास्तरांकडं बघून हसल्या. "तुमच्या अक्कलदाढा कधी तपासल्यात का?"

दुपारपर्यंत घरच्या चिठ्ठीचा नियम रद्द झाला. तसा फलक मेहुण्यानंच रंगवून दारावर टांगला आणि एकही फेरी न मारता उरलेला दिवस तिथं उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला कारण सांगितलं. तिखटमीठ लावून. संध्याकाळी गाडी ओढून न्यायला ट्रक आला, तेव्हा तो मास्तरांना म्हणाला, "नवीन डिस्क पुढच्या आठवड्यात येतील. बसवायच्या तुम्ही. मोजणार मी."

"मोज की. आधी हे धरायला शीक," म्हणत मास्तरांनी मायक्रोमीटर त्याच्या हातात ठेवला. मेहुण्यानं तो उलटा धरला.

मास्तरांनी मुकाट्यानं सुलटा करून दिला.