माझी आवडती लेखिका

हे मी याआधी कुणाजवळ बोललेले नाही. आईजवळ नाही, चाकणच्या बसमध्ये रोज शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीजवळही नाही. मला ओळखणारे म्हणतील, ही तशीही कुठे काय बोलते? खरं आहे. पण न बोलणं वेगळं आणि लपवणं वेगळं, आणि मी — मी लपवलंय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

म्हणून आधी आनंदाचं सांगते. कारण आनंद होता, खूप होता. तो वगळून बाकीचं सांगितलं तर तेही एक प्रकारचं लपवणंच होईल.

पुनावळ्यात आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये एक रविवार सोडून एक रविवार वाचनकट्टा भरतो. टेबल टेनिसचं टेबल भिंतीला सरकवायचं, प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडायच्या, कुणीतरी थर्मासमधून चहा आणायचा. पद्धत साधी. प्रत्येकाने सांगायचं — सध्या काय वाचतोय आणि आवडता लेखक कोण. बस. हा कट्टा सुरू केला मोहिते काकूंनी. त्यांची सगळी नोकरी आकुर्डीच्या एका वाचनालयात झाली. काका गेल्यापासून सहाव्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मुलगा नागपूरला. "तो म्हणतो, इकडे ये. कशाला जाऊ? हातपाय चालतात, डोकं चालतं. डोकं चालेनासं झालं की बघू," असं म्हणून हसायच्या.

काकूंची एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी दिसली. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे मला दिसतं बरंच. गोलात कुणी एखाद्या पुस्तकाचं नाव घेतलं की बाकीचे माना डोलवायचे. "हो हो, छानच आहे," "वाचलंय, पण आता आठवत नाही नीट." काकू मात्र सरळ म्हणायच्या, "मी नाही वाचलं. सांगा ना, काय आहे?" इतकी पुस्तकं हाताखालून गेलेली बाई, आणि 'नाही वाचलं' म्हणताना तिला काहीच वाटायचं नाही. तुम्ही कधी वाचणाऱ्या माणसांच्या घोळक्यात बसला असाल तर तुम्हाला कळेल, हे किती थोड्यांना जमतं. मला तर अजिबातच जमलं नाही.

मला त्यांनीच बोलावलं होतं. लिफ्टमध्ये माझ्या हातात इंग्रजी कादंबरी पाहिली आणि म्हणाल्या, "रविवारी ये गं. भाषा कुठलीही चालते आपल्याला." हे मी मुद्दाम सांगतेय. भाषा कुठलीही चालते — हे मला आधीच सांगितलेलं होतं.

माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमात. मराठी घरात बोलायची, पण वाचायला बसले की ओळीखाली बोट लागायचं. त्या दिवशी गोलात माझी पाळी येईपर्यंत सगळी मराठी नावं झाली होती. माझ्याआधी फडतरे काका होते. एका कंपनीच्या क्वालिटी डिपार्टमेंटमधून रिटायर झालेले, बोलायला मोकळे. माझ्याकडे वळून म्हणाले, "आता मॅडम! इंग्लिश मीडियमच्या ना तुम्ही? मग लेखकाचं राहू द्या, एकोणसाठ म्हणजे किती तेवढं सांगा आधी."

सगळे हसले. वाईट कुणाच्या मनात नव्हतं. मीही हसले. एकोणसाठ म्हणजे किती ते मला येतं — जरा थांबून, पण येतं. ते जरा थांबणंच मला नको होतं. कान तापले. पिशवीत माझी इंग्रजी कादंबरी होती. ती काढून दाखवायची, एवढंच करायचं होतं.

मी म्हणाले, "सुलभा निंबवडेकर. माझी आवडती लेखिका."

अशी लेखिका नाही. सुलभा हे माझ्या बालवाडीच्या बाईंचं नाव आणि निंबवडेकर हे खालच्या एका पत्रपेटीवर वाचलेलं. "जुन्या आहेत, फार लिहिलं नाही त्यांनी," असं मी पुढे जोडलं. मला वाटलं, कुणीतरी विचारेल, कोण गं ही, आणि मी पडेन तोंडावर.

पण फडतरे काका म्हणाले, "सुलभाबाई! अहो वाचलंय की मी! दिवाळी अंकांत यायच्या पूर्वी."

आयटीत काम करणारी सुप्रियाताई म्हणाली, "माझ्या आईकडे आहे बहुतेक त्यांचं एक पुस्तक."

तुम्हाला कसं सांगू तेव्हा मला काय वाटलं? भीती नाही. हसू आणि धडधड, दोन्ही एकत्र. मी एक बाई तयार केली होती, आणि ती लगेच उठून चालायला लागली होती. लोक तिला ओळखत होते!

फक्त मोहिते काकू म्हणाल्या, "मला नाव आठवत नाही. पुढच्या वेळी त्यांचं काहीतरी सांगशील?"

ते दोन आठवडे मी जशा आनंदात काढले, तसे त्याआधी कधी काढले नव्हते. कंपनीत मी पर्चेसला आहे, दिवसभर सप्लायरना मेल. पण येता-जाता तळवड्याच्या चौकात बस अडकली, पुढे नव्या गाड्या लादलेल्या ट्रेलरची रांग लागली की मी खिडकीला डोकं टेकून सुलभाबाईंच्या कथा लिहायची — डोक्यात. दोन जावा, घरात एकच चष्मा. ज्या दिवशी जी तो लावेल तिने पत्रं वाचायची, तांदूळ निवडायचे; दुसरीने त्या दिवशी तिच्या शब्दावर चालायचं. मग एक दिवस एकीच्या माहेरचं पत्र येतं, आणि चष्म्याची पाळी दुसरीची असते. काय वाचून दाखवेल ती? मला स्वतःलाच माहीत नव्हतं! चाकणला उतरेपर्यंत मला ते शोधायचं असायचं.

पुढच्या कट्ट्याला मी ती कथा सांगितली. मी — जिला रिक्षावाल्याला "इथे थांबवा" म्हणायलाही दोनदा घसा साफ करावा लागतो — मी सलग बोलले. चहा तसाच थंड झाला. संपल्यावर सुप्रियाताई म्हणाली, "अगं काटा आला!" फडतरे काका म्हणाले, "हीच ती कथा. मी वाचलेली. शेवट थोडा वेगळा आठवतो मला." मी घरी जिना चढून गेले, लिफ्टसाठी थांबवेना म्हणून.

त्यानंतर प्रत्येक कट्ट्याला एक कथा. लोक वाढले. शेजारच्या सोसायटीतूनही यायला लागले. "सुलभाबाईंचं आहे ना आज?" असं विचारायचे. खोटं चांगलं उभं राहावं म्हणून मी खरीखुरी मराठी पुस्तकं आणून वाचायला लागले. जुन्या लेखिका कसं लिहितात ते बघायला. ओळीखालचं बोट कधी सुटलं, कळलंही नाही. सुलभाबाईंच्या पुस्तकालाही मी एक नाव दिलं होतं. ते इथे लिहीत नाही. कुणाच्या तरी खऱ्या पुस्तकाचं निघेल, अशी अजूनही धास्ती वाटते.

आता तुम्ही म्हणाल, एवढंच? एक थाप, तीही गोड? मीही स्वतःला असंच म्हणायची. मोहिते काकूंकडे न बघता म्हणायची.

काकू आकुर्डीला जाऊन आल्या होत्या. जुन्या सहकाऱ्यांना सांगून मागची कपाटं उघडायला लावली. निंबवडेकर नाहीच. कट्ट्यावर त्यांनी हे सांगितलं, नेहमीसारखं सरळ. "माझ्या हातून एकही पुस्तक कधी गेलेलं आठवत नाही या बाईंचं."

तेव्हा फडतरे काका हसत म्हणाले, "काय वहिनी! अहो तुमच्याच वाचनालयातून नेलंय मी ते. तुम्हीच शिक्का मारून दिलंत!"

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग सुप्रियाताईकडे. ती म्हणाली, "आईनेही तिथूनच आणलेलं असणार." मग माझ्याकडे. मी थर्मासचं झाकण फिरवत होते.

बघा ना कसं झालं. खोटं आम्ही तिघं बोलत होतो. एकटी खरं बोलणारी बाई गोलात बसून विचार करत होती, की आपलंच काहीतरी बिघडलंय.

पुढे पुढे त्या गप्प व्हायला लागल्या. नावं घेताना अडखळायच्या, आधी कधी न अडखळणाऱ्या. एकदा संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन लिफ्टपाशी उभ्या होत्या आणि ओठ हलत होते. मला वाटलं, स्तोत्र म्हणतायत. म्हणाल्या, "नाही गं. वाचनालयातली कपाटं म्हणून बघते. पहिल्या कपाटात कोण कोण, दुसऱ्यात कोण. नाटकांच्या कपाटापर्यंत नीट येतं. पुढे गेले की भीती वाटते, अजून कुणी राहिलं असेल आणि मला कळतही नसेल."

लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "अदिती, तू माझ्याशी खरं बोलशील म्हणून विचारते. मी विसरायला लागलेय का गं?"

इथेच यायचं होतं मला. एवढा वेळ गोल गोल फिरले ते याच्यापाशी.

मी काय म्हणायला हवं होतं, तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं — काकू, ती बाई नाहीच. चार-पाच शब्द. पण त्या शब्दांनंतरचा रविवार मला दिसला. रिकाम्या होत जाणाऱ्या खुर्च्या, फडतरे काकांचं हसू, आणि परत ती कान तापवून बसलेली मुलगी. आणि मी मऊ आवाजात, समजूतदार नातीसारखं म्हणाले, "काकू, वयाने होतं असं थोडंफार. एवढं मनावर नका घेऊ."

गप्प बसले असते तर भित्री ठरले असते. पण मी गप्प बसले नाही. मी त्यांना उत्तर दिलं.

त्यांनी मान हलवली. "बरं झालं, सांगितलंस," म्हणाल्या. आणि सहावा मजला आला.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्यांनी कट्टा माझ्या स्वाधीन केला. "माझ्या डोक्याचा आता भरवसा नाही. हिचं डोकं बघा, कथाच्या कथा पाठ!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मला — हेही लिहिते — मला आनंद झाला. त्या क्षणी दुसरं काही वाटलं नाही. नुसता आनंद, टाळ्यांचा.

महिन्याभरात मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. फ्लॅट भाड्याने गेला. पुस्तकांची खोकी उतरवायला मी मदत केली. मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "तपासण्यांत काही विशेष निघालं नाही. पण तीच म्हणते, एकटीने राहायची हिंमत होत नाही. आधी किती मागे लागलो होतो, ऐकायची नाही. आता एका फोनमध्ये तयार झाली." तो सुटल्यासारखा दिसत होता. मी पुढचं खोकं उचललं.

कट्टा जोरात चाललाय. खुर्च्या कमी पडतात, खाली सतरंजी घालतो. दर वेळी पाळी माझ्याकडे आली की अजूनही तीच धडधड, तोच आनंद. तो ओसरला असता तर हे सांगणं जरा बरं दिसलं असतं. ओसरलेला नाही.

गेल्या रविवारी कट्टा सुटल्यावर नागपूरहून काकूंचा फोन आला. आवाजात इतका उत्साह, की पहिल्यांदा मला ओळखूच आला नाही.

"अगं अदिती, आठवलं! सुलभा निंबवडेकर! आज सकाळी चहा गाळताना एकदम समोर आलं बघ. तपकिरी बांधणी, कोपरा उंदराने कुरतडलेला. मीच चिकटपट्टी लावली होती त्याला. फडतऱ्यांना मीच दिलं. बरोबर म्हणत होते ते! म्हणजे अगदीच गेलं नाहीये गं माझं डोकं."

मागे त्यांच्या नातवंडांचा गलका चालला होता. त्या माझ्या बोलण्याची वाट बघत होत्या.

"हो काकू," मी म्हणाले. "तेच पुस्तक."