फॉर्मचा दुसरा भाग

प्रज्ञा गेली त्याला आता सात आठवडे झाले. प्रज्ञा म्हणजे माझी भाची, थोरल्या बहिणीची मुलगी, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट होती, फोन लॉकरमध्ये. सुपरवायझर स्वतः लाइनवर आला आणि म्हणाला, "भाऊ, बाहेर चला. कुरुळीहून फोन आहे." फोनवर जावई होता, प्रज्ञाचा नवरा; दोघं कुरुळीला राहायची. "मामा, प्रज्ञा जिन्यावरून पडली," एवढंच बोलला. आवाज अगदी स्थिर होता. की मला आता तो तसा आठवतोय... सांगता येत नाही. दुपारी हॉस्पिटलात हवालदाराने माझा जबाब घेतला तेव्हा मीही तेच सांगितलं, जिन्यावरून पडली. खाली सही केली.

बारावी झाल्यावर ती लातूरकडून पिंपरीला आमच्याकडे शिकायला आली. तिचा अभ्यास म्हणजे सगळ्या घराचा अभ्यास. फेऱ्या मारत, मोठ्याने म्हणत पाठ करायची. माझ्या बायकोला त्यामुळे हाडांची नावं येतात. रविवारी माझा बीपी मोजायची आणि म्हणायची, "मामा, मीठ कमी करा, मग रागाचं बघू." एकदा कॉलेजात घरातल्या मारहाणीवर चर्चा झाली. वर्गातल्या बऱ्याच मुली म्हणाल्या की एखादी चापट म्हणजे काही छळ नव्हे, संसारात चालतंच. प्रज्ञा घरी आली ती धुमसतच. "उद्या ह्याच पोरी कॅज्युअल्टीत बसणार. बाई म्हणणार पडले, आणि ह्या 'पडली' लिहून मोकळ्या होणार." तिचं म्हणणं, 'पडल्याचे सांगते' असं लिहायचं, आणि आपल्या डोळ्यांना जे दिसलं ते खाली वेगळं लिहायचं. मी हसलो होतो. एका शब्दाने काय फरक पडतो, असं म्हणालो होतो.

स्थळ मीच आणलं. मुलगा आमच्याच कंपनीत मेंटेनन्सला, निर्व्यसनी, विहारात न चुकता येणारा. शिक्षण पूर्ण करू देतो म्हणाला आणि कॉलेज खरोखरच चालू राहिलं. पण वर्गात पहिली येणारी पोर बघता बघता "मला नाही जमत आता" म्हणू लागली. तोंडी परीक्षेत ती नुसती उभी राहिली, एक शब्द बोलली नाही, असं तिच्या मॅडमनी फोन करून सांगितलं. मी तिलाच झापलं. लग्न झालं म्हणून डोकं गहाण टाकलंस का, असं विचारलं. ती म्हणाली, "तसंच समजा."

पुढच्या एका रविवारी दोघं जेवायला आली. तिने भाकरी वाढताना हात लांब केला आणि बाही वर सरकली. दंडावर चार काळेनिळे डाग होते. मी तिथेच, जावयासमोर विचारलं. ती म्हणाली, वॉर्डात औजारं उकळायच्या भांड्याचं झाकण लागलं. जावई म्हणाला, "वेंधळीच आहे ओ ती." आम्ही सगळे हसलो. नंतर बायको मला म्हणाली, "एकटीला विचारायचं होतं तुम्ही." खरं तर विचारायची गरजच नव्हती. वीस वर्षं मी लोखंडावरचे ओरखडे बघून ते कशाने पडले ते सांगतो. झाकणाची कड लागली तर खूण एका रेषेत येते. त्या चार खुणा सुट्या होत्या, गोल होत्या, बोटांएवढ्या. मी त्या पाहिल्या आणि पास केल्या. कारण माल मीच आणलेला होता... हे वाक्य लिहिताना लाज वाटते, पण माझ्या मनात तेव्हा हेच होतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर तिची वर्गमैत्रीण रेश्मा तिच्या वह्या द्यायला आली. तिने एक गोष्ट सांगितली. शेवटच्या महिन्यात कॉलेजने मुलींकडून एक फॉर्म भरून घेतला होता, बिननावाचा. पहिला भाग घरातल्या हिंसेबद्दल तुमचं मत काय, दुसरा भाग अभ्यासाबद्दल तुमचा स्वतःवर किती विश्वास आहे. दोघी शेजारी बसल्या होत्या. "पहिल्या भागात तिनं सगळं खणखणीत लिहिलं, मामा. मारणं कधीच बरोबर नाही, सगळीकडे तेच. आणि दुसऱ्या भागात सगळीकडे 'अजिबात नाही'. अवघड विषय समजेल का, अजिबात नाही. पास होशील का, अजिबात नाही. मी म्हटलं, येडे, असं काय भरतेस? तर म्हणाली, घरी रोज ऐकते तेच लिहिलंय."

तेव्हापासून मला सगळ्यांचा संशय येतो. जिना त्याच दिवशी कुणी धुतला, त्याचा. तिकडची शेजारीण माझ्याशी बोलता बोलता आत निघून गेली, तिचा. कदाचित पाय खरंच घसरला असेल. मला ठाऊक नाही. कंपनीतले म्हणतात, राव, सही झालीय, आता कशाला उकरताय, पोराची नोकरी जाईल. मी अक्काला, माझ्या बहिणीला, फोन केला आणि चार खुणांबद्दल पहिल्यांदा सांगितलं. ती म्हणाली, "तुला दिसलं हुतं, भाऊ? आन् तू जेवलास?"

गॅलरीत तिचं टेबल अजून आहे. बायको तिथे कपडे वाळत घालू देत नाही. तिथेच बसून मी दुसरा जबाब लिहून काढला, चार वेळा खोडला आणि परवा चौकीवर गेलो. साहेबांनी वाचला आणि विचारलं, "मारताना पाहिलंय तुम्ही?"

"नाही."

"पडताना?"

"नाही."

"मग पहिल्यांदा पडली म्हणून कसं काय सांगितलंत?"

"जावई म्हणाला म्हणून," मी म्हणालो, "आणि जावई मी निवडला होता म्हणून. साहेब, हे पण लिहून घ्या."