खडकीतल्या काळ्या शेवया

माझ्या नाकावर लहानपणापासून राग. आई म्हणायची, हिच्या नाकावर माशी बसत नाही, आणि बसली तर माशीचीच धडगत नाही. या स्वभावाने माझं फार काही बिघडलं असंही नाही. भाजीवाल्याने कधी मापात मारलं नाही, नळावर कुणी माझा हंडा मागे सरकवला नाही. एकदाच नुकसान झालं, आणि ते मात्र मला अजून भरून काढता आलेलं नाही. ते खडकी बाजारात झालं, एका चिनी माणसाच्या खाणावळीत, रविवारी भर सकाळी.

कोरियातली लढाई थांबून दोनेक वर्षं झाली असतील. आम्ही दापोडीत रेल्वे लाइनीजवळ एका खोलीत राहत होतो. मी, सासूबाई आणि हे. हे म्हणजे माझे यजमान. त्यांचं नाव मी उभ्या जन्मात उखाण्याशिवाय घेतलं नाही, तेव्हा इथेही 'हे'च म्हणते. दोन्ही घरं चाकणच्या बाजूची, शेतकरी, कांदा-बटाट्यात वाढलेली. लग्नाआधी हे फौजेत ड्रायव्हर होते. त्यांची तुकडी दवाखान्याची. ती कोरियाला गेली तेव्हा हेही गेले आणि तिथे जखमी माणसांची गाडी चालवत राहिले. परत आल्यावर फौज सोडली, पिंपरीला नव्याने निघालेल्या एका कारखान्यात ट्रकवर लागले आणि मग आमचं लग्न झालं.

लढाईबद्दल हे बोलत नसत. मी सुरुवातीला खोदून खोदून विचारलं, तर "थंडी लई," एवढंच उत्तर. खाण्याबद्दल मात्र बोलत. तिथे एका गावात एका चिनी म्हाताऱ्याचं दुकान होतं, अर्धं छप्पर उडालेलं. दुखणाईत माणसं इस्पितळात पोचवून झाली की हे आणि यांचे सोबती तिथे जाऊन बसायचे. तो शेवया करायचा आणि वर काळं कालवण घालायचा. त्या खाण्याला तिथे काहीतरी नाव होतं, ते यांनी मला चार वेळा सांगितलं आणि मला एकदाही नीट म्हणता आलं नाही. मग घरात त्यांना काळ्या शेवयाच म्हणायचं ठरलं. शेवया गुळाच्या नाहीत, दुधाच्या नाहीत, काळ्या आणि खारट, हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "लढाईत माणूस काय पन खातंय."

एक दिवस हे कामावरून आले ते हसतच. खडकीत एक चिनी सापडला होता. हा पूर्वी सायकलवर रेशमी कापडाचं गाठोडं घेऊन बंगल्या-बंगल्यांतून फिरायचा, आता बाजाराच्या मागच्या बोळात त्याने खाणावळ काढली होती. गोऱ्या साहेबांच्या वेळेपासूनचे फौजेतले लोक तिथे जायचे. यांनी त्याला हातवारे करून काळ्या शेवयांचं वर्णन सांगितलं, तर तो उखडला. "कोरिया का नहीं, हमारे गाँव का है!" म्हणाला, आणि आत जाऊन करून घेऊन आला. यांच्या तोंडून ही गोष्ट ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं, की हा माणूस बोलका आहे, आपल्यालाच माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी मला घेऊन जायचं ठरलं. सासूबाईंना सांगितलं, चोळीचा खण आणायला जातोय. त्या काळी बायको घेऊन हाटेलात जाणं म्हणजे काय, हे आता कुणाला सांगून पटणार नाही. चहा प्यायला गेलेली बाईसुद्धा आठ दिवस चाळीच्या तोंडी असायची.

मुळा नदीच्या पुलावरून आम्ही चालत निघालो. हे सायकल हातात धरून पुढे, मी चार पावलं मागे. मध्यावर हे थांबले आणि कठड्याला सायकल टेकवून म्हणाले, "एक सांगायचं हाय. आज तू माझ्यासंगं जेवायचं. माझ्या आधी न्हाई, माझ्या मागनं न्हाई. एकदमच."

मी म्हटलं, "म्हंजी?"

मग त्यांनी सांगितलं. त्या अर्ध्या छपराच्या दुकानात एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, हे एकटेच कोपऱ्यात बसले होते. म्हाताऱ्याने दोन वाडगे भरले, बायकोला हाक मारली आणि दोघं समोरासमोर बसून जेवायला लागली. लांबून तोफा ऐकू येत होत्या. म्हातारीने त्याच्या हनुवटीला लागलेलं काळं बोटाने दाखवलं, तो हसला, आणि पुन्हा दोघं खाली मान घालून खायला लागली. "तवाच ठरिवलं," हे म्हणाले, "जिता माघारी गेलो तर बायकूसंगं असं जेवायचं. घरी आई हाय, घरी जमायचं न्हाई. म्हणून हितं."

मी "बरं" म्हणाले. मनातून मला हसूच आलं. केवढीशी गोष्ट, आणि त्यासाठी पुलावर सायकल थांबवायची!

खाणावळीत चार टेबलं, लाकडी बाकं, भिंतीवर भडक रंगाचं कॅलेंडर. चुलीजवळ तो चिनी माणूस कणकेचा लांब दोर करून फळीवर आपटत होता. आपटायचा, दुमडायचा, ओढायचा. एकाचे दोन, दोनाचे चार, बघता बघता हातात शेवयांची लडी. आमच्याकडे उन्हाळ्यात पाटावर हातशेवया व्हायच्या आणि माझा हात त्यात चांगला होता, म्हणून मी परीक्षकासारखी बघत होते. एकही तार तुटली नाही. बाप्या माणसाचा असा हात मी कधी पाहिला नव्हता.

यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, मटण नको, कांदा-बटाटा घाल. दोन वाडगे आले. पांढऱ्या शेवया, वर चकचकीत काळं कालवण, शेजारी बशीत चिरलेला कच्चा कांदा. त्यात ओळखीचा तेवढा कांदाच. चिनी माणूस बोट नाचवत म्हणाला, "जल्दी मिलाओ, जल्दी खाओ. ठंडा हुआ, खराब हुआ."

यांनी चिनी लोक जेवतात त्या दोन काड्या घेतल्या आणि पहिल्यांदा माझा वाडगा पुढे ओढून माझ्या शेवया कालवायला लागले. भर हाटेलात नवरा बायकोचं अन्न कालवून देतोय! मी पदर कपाळावर ओढला आणि खाली बघत बसले. त्यांनी वाडगा माझ्यापुढे सरकवला, आपला कालवला आणि म्हणाले, "हं. चल."

माझा हात उठेना. आईने लग्नात बजावून सांगितलं होतं, नवऱ्याच्या आधी घास घेतला तर त्याचं आयुष्य घटतं. एकदम घास घ्यायचा, हे पुलावर सोपं वाटलं होतं. पण एकदम म्हणजे कसं? माझा घास आधी तोंडात गेला तर? मी म्हटलं, "तुमी घ्या, मी घेते."

"मी घेतो, तू घे."

"तुमी आधी."

यांनी काड्या खाली ठेवल्या. "आधी न्हाई म्हनलं ना," हळू आवाजात म्हणाले. राग नव्हता त्यात. ते वाट बघत होते. आणि मी हट्टाला पेटले. खरं सांगायचं तर त्यात धर्म थोडा आणि अहंकार जास्त होता. हे झुकतात की मी, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. वाडग्यातली वाफ गेली. शेवया एकमेकींना चिकटायला लागल्या.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरचे दोघं यांच्या कारखान्यातले, ओळखीचे निघाले. त्यातला एक ओरडला, "काय राव, वहिनी रुसल्या का? भरवा की हातानं!" दुसरा मोठ्याने हसला. त्यात वाईट काही नव्हतं, थट्टा होती. पण माझं डोकं फिरलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी यांना म्हणाले, "परमुलखात राहून रीतभात सोडून आलात तुमी. मी न्हाई त्या मुलखातली बाई, कुनाच्या बी म्होरं बसून जेवायला."

हसणं थांबलं. हे तिथे तसल्या बायांत बसत होते असा त्या वाक्याचा अर्थ होतो, ते मला बोलून झाल्यावर कळलं. त्या दोघांना तो आधीच कळला होता; ते आपापल्या बशीत बघायला लागले. यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग वाडगा उचलला आणि भराभर खाऊन संपवला. औषध घ्यावं तसं. हनुवटीला काळं लागलं होतं. मला ते दिसत होतं आणि मी ते दाखवलं नाही.

"आता जेव," म्हणाले.

आणि मी काय केलं? घरी रोज करत होते तेच. नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायची आमची रीत, तेव्हा मी त्यांचा रिकामा वाडगा ओढला, त्यात माझा थंड गोळा घातला आणि खायला लागले. आपण मोठं पुण्य करतोय अशा थाटात. चिनी माणूस धावत आला. त्याला वाटलं, अन्न बिघडलंय. गोळा बघून त्याचं तोंड उतरलं. दुसरा वाडगा आणतो, गरम आणतो, असं काहीबाही म्हणत राहिला. हे म्हणाले, "रहने दो. खाना अच्छा था."

चव सांगू? खारट, थोडी गोडसर, आणि गरम असती तर फार छान लागली असती. गिळताना मला हे कळत होतं. मी सगळं संपवलं.

येताना यांनी आठवणीने चोळीचा खण घेतला. सासूबाईंना सांगितलं होतं म्हणून. पुलावर थांबले नाहीत.

त्या दिवसानंतर हे मला कधी टाकून बोलले नाहीत. भांडले असते तर मी तोंडाला तोंड दिलं असतं, चार दिवसांनी विषय संपला असता. यांनी तो विषयच काढला नाही. रविवारी एकटेच खडकीला जाऊन यायचे. कपड्यांना त्या कालवणाचा वास यायचा, मी शर्ट धुताना मुकाट्याने ओळखायची. एकदा धीर करून विचारलं, "आज मी येऊ का?" तर म्हणाले, "कशाला? तुला आवडत न्हाई तिथलं." आवडतं, एवढं एकच म्हणायचं होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं माझं. मी म्हटलं, "न्हाईच आवडत." वर्षभराने ती खाणावळ बंद झाली. चिनी माणूस कलकत्त्याला गेला असं हेच सासूबाईंना सांगत होते. मी चुलीपाशी ऐकत होते.

आईच्या सांगण्यात तथ्य होतं की काय कोण जाणे, हे चांगले ऐंशी वर्षं जगले. बायका माझं कौतुक करायच्या, मी रीत पाळली म्हणून. मला त्या कौतुकाचा राग यायचा, अजून येतो. पन्नासहून जास्त वर्षं दोन्ही वेळा मी त्यांना गरम वाढलं. त्यांना काय हवं होतं ते मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

माहीत होतं म्हणूनच मी एकदा प्रयत्न केला. खाणावळ बंद झाली त्याच हिवाळ्यात सासूबाई चार दिवस गावी गेल्या. यांची पहिली शिफ्ट होती, चारला यायचे. मी पिठलं केलं, भाकरी थापल्या, आणि जमिनीवर समोरासमोर दोन पाट मांडले. दोन ताटं, दोन तांबे. दोन्ही ताटांत भाकरी वाढली. काय बोलायचं ते ठरवलं होतं: "चला, बसूया." दोनच शब्द. दुपारभर ते मी तोंडातल्या तोंडात घोळवत होते.

हे आले. हातपाय धुतले, आत आले आणि दोन ताटं बघून दारातच थांबले. "कोन पावनं येनार हाय का?" म्हणाले. मी काही बोलायच्या आत खुंटीवरचा धुतलेला सदरा घातला, बटणं लावली, केसांवरून ओला हात फिरवला आणि पाहुण्याला सामोरं जायला उंबऱ्यावर जाऊन उभे राहिले. बोळाच्या तोंडाकडे बघत.

मला त्यांची पाठ दिसत होती. "चला, बसूया" म्हणायचं होतं. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली, की हे वळून म्हणतील, आता कशाला.

"येनार हुतं कुनीतरी," मी म्हणाले. "आता न्हाई येत. निरोप आलाय."

"बरं," हे म्हणाले. सदरा काढून परत खुंटीला लावला. तोवर मी दुसरं ताट उचललं होतं, भाकरी टोपल्यात घातली होती, पाट भिंतीला टेकवला होता.

ते जेवले. मग मी जेवले.