शेवटपर्यंत ऐकणारा

"हा फोन ज्यांचा आहे, ते तुमचे कोण?" गुरुवारची सकाळ होती, मी चहाचं आधण ठेवलं होतं आणि प्रफुल्लच्या नंबरावरून एक अनोळखी आवाज मला हे विचारत होता. मागे स्वारगेटचा गोंगाट ऐकू येत होता. भाऊ नाही, भाचा नाही, मी त्याचा साहेबही नाही. "ते माझ्याकडेच यायला निघालेत," एवढंच मी म्हणालो. मग त्या गृहस्थांनी सांगितलं, की ते धायरीच्या बसमधून उतरले आणि तिथेच खाली बसले, आम्ही रिक्षात घालून जवळच्याच दवाखान्यात नेतोय, तुम्ही तिकडेच या. मी गॅस बंद करून निघालो... पोहोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. प्रफुल्लने अजून चाळिशीही गाठली नव्हती. त्याची पाठीवरची सॅक कुणीतरी माझ्या हातात दिली. आत हार्ड डिस्क होती आणि दोघांना पुरेल एवढा डबा. दुसऱ्या दिवशी त्याचा थोरला भाऊ वर्ध्याकडच्या गावाहून आला आणि त्याला घेऊन गेला.

आम्ही दोघं काय काम करायचो हे पुण्यात समजावून सांगणं अवघड. आमच्या बिल्डिंगमधल्या एका निवृत्त गृहस्थांना मी एकदा सविस्तर सांगितलं, तर सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "म्हणजे हमालीच. फक्त तालात." तसं बघितलं तर अगदीच चूक नव्हतं. परदेशातले डीजे क्लबांमध्ये जे संगणकावर तयार केलेलं संगीत वाजवतात, ते विकत घ्यायला त्यांची वेगळी ऑनलाइन दुकानं असतात. तिथे गाणं ठेवायचं, तर आधी त्याची तयारी करावी लागते. आवाजात कुठे खरखर नाही ना ते तपासायचं, मुखपृष्ठाचं चित्र ठरलेल्या मापात बसवायचं, गाणं कुणाचं, रिमिक्स कुणाचं, गती किती, प्रकार कोणता हे सगळं बिनचूक भरायचं, गिऱ्हाइकाला नमुना म्हणून ऐकवायचा तुकडा कापायचा आणि काही आठवडे आधीच सगळं दुकानांकडे पोहोचतं करायचं. मग ठरलेल्या शुक्रवारी ते विक्रीला लागायचं. जर्मनी, हॉलंड, पोर्तुगालमधल्या लहान लहान संगीत कंपन्यांचं हे काम आम्ही करत होतो, तो धायरीतल्या भाड्याच्या फ्लॅटमधून आणि मी कसबा पेठेतल्या घरातून. त्या कंपन्यांच्या मालकांना आम्ही कधी पाहिलं नाही आणि त्यांनीही आम्हाला पाहिलं नाही.

मी मूळचा कॅसेटच्या धंद्यातला. कॅसेटच्या डबीत जे घडी घातलेलं कार्ड असायचं, त्यावरची नावं जुळवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. कॅसेट गेल्या, सीडी आल्या, त्याही जायला लागल्या, आणि गावभर आयटीची ऑफिसं उघडली तेव्हा त्यातल्या एका आडवळणाच्या ऑफिसात मला परदेशी गाण्यांची माहिती भरायचं काम मिळालं. शेजारच्या खुर्चीवर वर्ध्याकडून नुकताच आलेला, माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान प्रफुल्ल होता. पहिल्याच दिवशी त्याने मला 'भाऊ' केलं. पुढे मंदी आली आणि ते ऑफिस बंद पडलं, पण तिथल्या तीन-चार कंपन्यांनी आम्हालाच विचारलं, की तुम्ही दोघं घरून कराल का. मी एकटा माणूस, लग्न केलं नाही, आणि त्या वयात मला दुसरं कोण विचारणार होतं? मी प्रफुल्लकडे पाहिलं. तो म्हणाला, "करू न, भाऊ. होऊन जाते."

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. मी गाण्याची सुरुवात ऐकायचो, मध्ये दोन-तीन ठिकाणी टिचकी मारायचो, शेवट बघायचो आणि गाणं पास करायचो. प्रफुल्ल प्रत्येक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा. मध्ये फोन घ्यायचा नाही, बोलायचा नाही. मी वैतागून म्हणायचो, "अरे, तीच टकटक आहे सात मिनिटं. त्यात काय ऐकतोस?" तो हेडफोन काढून शांतपणे म्हणायचा, "बनवणाऱ्यानं पूर्ण बनवलं न? मग आपण काहून अर्धं ऐकायचं?" याला टेक्नो म्हणतात, त्याला हाउस म्हणतात, यावर तो मला अर्धा अर्धा तास शिकवायचा आणि मला दोन्हींत डोकेदुखीच ऐकू यायची. पण त्याने पास केलेलं गाणं दुकानाने परत पाठवलं असं सहसा झालं नाही, हेही खरं.

धायरीत दर गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जायची. कसब्यात ती बहुतेक वेळा असायची, म्हणून गुरुवारी प्रफुल्ल डिस्क आणि डबा घेऊन बसने स्वारगेटला आणि तिथून चालत माझ्याकडे यायचा. असाच एकदा तो माझ्या खोलीत बसून ऐकत असताना म्हणाला, की गाण्याच्या मध्यावर, जिथे सगळे ठोके थांबतात, तिथे कुणीतरी अगदी बारीक काहीतरी ठोकतंय. मीही ऐकलं. ठोकत होतं खरं. आम्ही लिस्बनच्या कंपनीला लांबलचक मेल पाठवली, की तुमच्या ध्वनिमुद्रणात दोष आहे, दुरुस्त करून द्या. त्यांनी बिचाऱ्यांनी दोन दिवस शोधलं आणि कळवलं, की असं काहीच नाही. मग प्रफुल्लच्या लक्षात आलं. उठून त्याने खिडकी लावली आणि ठोकणं बंद झालं... मागच्या तांबट आळीत कुणीतरी हंड्याला ठोके घालत होतं. आम्ही दोघं पोट दुखेपर्यंत हसलो. पण गंमत पुढेच आहे. दोन आठवड्यांनी एका जर्मन कंपनीच्या गाण्यात खरोखरच तशी टकटक होती, आणि आम्ही "तांबट आहेत, चालू द्या" म्हणून ती तशीच पाठवून दिली. दुकानाने गाणं परत पाठवलं, तेव्हा प्रफुल्लने त्या कंपनीच्या जर्मन मालकाला माफीची मेल लिहिली आणि तांबट म्हणजे कोण हे त्यात दोन परिच्छेद समजावून सांगितलं.

तो गेला, आणि त्यानंतरच्या शुक्रवारी त्याने तयार करून ठेवलेली दोन गाणी वेळेवर विक्रीला लागली. सगळं आधीच पाठवलेलं असतं, त्यामुळे ते थांबण्याचं कारणच नव्हतं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आणखी लागली. कंपन्यांच्या मेल येत राहिल्या, 'प्रिय प्रफुल्ल, काम नेहमीसारखंच चोख'. मी ऑफिसच्या नावाने आभार मानत राहिलो आणि नवीन काम 'सध्या गर्दी आहे' म्हणून पुढे ढकलत राहिलो. त्या लोकांच्या लेखी प्रफुल्ल अजून धायरीत हेडफोन लावून बसला होता, आणि निदान तेवढ्या जागी तरी तो असू दे असं मला वाटत होतं. पण रांगेतली गाणी संपत आली होती. शेवटचा शुक्रवार कोणता ते मला ठाऊक होतं. त्यानंतर काय सांगायचं, हा विचार आला की मी उठून घरातल्या घरात चालायला लागायचो. गुरुवार तर जातच नाही. कुणाशी चकार शब्द न बोलता सबंध दिवस गेल्याचं संध्याकाळी लक्षात येतं, आणि मला फार एकटं वाटतं. हे सांगायचं तरी कुणाला? ज्याला सांगितलं असतं, तोच गेला.

शेवटच्या त्या शुक्रवारीच त्याची आई आणि भाऊ फ्लॅट रिकामा करायला आले. भाऊ सामान खाली टेम्पोत नेत होता. आई कॉटवर बसून होती. टेबलावर संगणक तेवढा राहिला होता.

"तुमीच का ते पुन्याचे भाऊ?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. "मले एक सांगा. त्याचं दुकान कुठं होतं? गावात लोक इचारतात, मले सांगता येत नाही."

"दुकान त्याचं नव्हतं, आई. दुकानात जायच्या आधी गाणी तो ऐकायचा. नीट आहेत ना ते बघायचा."

तिला ते कळलं की नाही, कोण जाणे. मी संगणक चालू केला, त्या दिवशी विक्रीला लागलेलं गाणं शोधलं आणि तिच्या डोक्यावर, पदरावरूनच, प्रफुल्लचा हेडफोन ठेवला. ती भिंतीकडे बघत ऐकू लागली. थोड्या वेळाने, कान झाकलेली माणसं बोलतात तशी मोठ्याने म्हणाली, "गानं कवा लागते, बापा?"

मी एका कानावरचा हेडफोन जरा सरकवला. सुरुवातीला नुसते ठोके असतात, म्हणजे वाजवणाऱ्याला आधीच्या गाण्यातून यात शिरता येतं, शेवटीही तसंच असतं, असं तिला सांगितलं. तिने मान हलवली.

"हे त्यानं आयकलं होतं?"

"हो."

"सगळं?"

"शेवटपर्यंत."

मग म्हणाली, "ज्याईचं गानं हाय, त्याईले सांगतलं का, प्रफुल्ल गेला म्हनून?"

"नाही... अजून नाही."

"काहून?"

"जमलं नाही मला."

"सांगा," ती म्हणाली. "मानूस गेल्यावर सांगा लागते." आणि सरकवलेला हेडफोन तिने स्वतःच्या हाताने पुन्हा कानावर बसवला.

मी प्रफुल्लच्या खुर्चीवर बसलो. गाणं वाजतच होतं, त्याच पडद्यावर मी मेल उघडली आणि सगळ्या कंपन्यांचे पत्ते त्यात घातले. मग लिहिलं, की तुमचं प्रत्येक गाणं विक्रीला जाण्याआधी शेवटपर्यंत ऐकणारा आमचा प्रफुल्ल आता नाही. एवढंच लिहिलं आणि पाठवून दिलं. तेवढ्यात भाऊ वर आला, दारातूनच म्हणाला, "चाल वं माय, टेम्पो भरला." त्याच्याकडे न बघता तिने हात वर करून त्याला थांबवलं. गाणं अजून संपलं नव्हतं.